नारळ नको, तारीख द्या

दसरा आटोपला की गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाला नाटक कंपन्यांच्या ऑफिसांसमोर गावोगावच्या मंडळांची गर्दी होते. कोणत्या कंपनीची कोणती तारीख मोकळी आहे, हिरोइन कोण, विनोदी नट कोण, भाव किती, ॲडव्हान्स किती यावर जी घासाघीस चालते, तिच्यापुढे सोयरिकीची बोलणी फिकी पडावीत. ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यातलं आमचं गावही याच रांगेतलं. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दोन रात्री दोन नाटकं, हा जुना रिवाज. यंदा मंडळाच्या बैठकीत एका तरुण सभासदानं दुसऱ्या रात्रीसाठी भलतंच नाव काढलं. मागच्या हिवाळ्यात शाळेच्या मैदानावर बहिऱ्या नटांच्या एका कंपनीनं हातांच्या भाषेत फुकट प्रयोग केला होता. त्यांनाच बोलवू, पण या वेळी तिकीट लावून, असं त्याचं म्हणणं. पुढचा दीड तास बैठक तापली ती थंड झालीच नाही. अजूनही पानठेल्यावर तोच विषय आहे.

एका बाजूचं म्हणणं असं, की बिचारी देवाची लेकरं आहेत, बोलवलंच पाहिजे. नाटक नको, पण पहिल्या रात्रीच्या नाटकाआधी अर्धा तास देऊ, शाल-नारळ देऊ, पाकीट देऊ, आमदारांच्या हातून सत्कार करू. दुसरी बाजू म्हणते, गावात मुके-बहिरे मोजून चार, त्यांच्यासाठी आख्खी रात्र वाया घालवायची? एका म्हाताऱ्या सभासदानं तर एका वाक्यात निकाल लावला: “बोलनंच नाई त नाटक कायचं जी?” हशा पिकला. गंमत अशी, की हे दोन्ही पक्ष एकमेकांवर तुटून पडत होते, पण दोघांचं गृहीत एकच होतं. बहिऱ्यांचं नाटक ही बहिऱ्यांची बाब आहे. एकाला त्यांची कीव येते, दुसऱ्याला त्यांचा हिशेब जुळत नाही. नाटक कसं होतं, हे दीड तासात कोणी विचारलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. त्या कंपनीला तारीख द्यावी, पुरती रात्र द्यावी, इतर कंपनीशी जशी घासाघीस करतो तशी करूनच भाव ठरवावा आणि तिकीट लावावं. सत्कार मुळीच करू नये. हे मी दयेपोटी म्हणत नाही. मी ते नाटक पाहिलं आहे. त्यातलं काही फार चांगलं होतं, काही कंटाळवाणं होतं, आणि दोन्ही गोष्टी आम्ही पैसे मोजलेले प्रेक्षक म्हणून बोलू शकलो असतो तर बरं झालं असतं.

आता ते नाटक. खरं सांगायचं तर त्या रात्री दुसरं काही नव्हतं म्हणून गेलो होतो. विषय दोन भावांच्या वाटणीचा. आम्हाला तो पाठ. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या पट्ट्यात, वाटणी, दारू आणि सावत्र आई यांच्यावाचून हंगाम सरत नाही. पहिली दहा मिनिटं मी हातांकडे बघू की चेहऱ्याकडे बघू या गोंधळातच होतो. मग एक जागा आली. बांधावरचं मोहाचं झाड कोणाच्या वाट्याला, यावरून भावांचं वाजलेलं. धाकटा सांगतोय, बापानं दुष्काळातही हे झाड तोडू दिलं नव्हतं. थोरला ऐकता ऐकता पाठ फिरवतो. बस, एवढंच. बोलत्या नाटकात पाठ फिरवली तरी कान उघडेच राहतात, समोरच्याचा संवाद पाठीवर आदळत राहतो. इथे पाठ फिरली आणि बोलणंच मेलं. धाकटा धावत वळसा घालून समोर येतो, थोरला पुन्हा पाठ फिरवतो. असं तीनदा. चौथ्यांदा तो समोर येतो तर थोरल्यानं डोळे मिटून घेतलेले. धाकटा क्षणभर उभा राहतो. मग थोरल्याचे दोन्ही हात उचलतो, आपल्या हातांवर ठेवतो आणि तसाच बोलत राहतो. थोरल्याला दिसत नाही, पण धाकट्याचे हात काय बोलतायत ते त्याच्या तळव्यांना कळतंय. माझ्या शेजारी तनशीवर, धानाच्या पेंढ्यावर, बसलेली म्हातारी “अगं माय” म्हणून पदर तोंडाला लावून बसली. चाळीस वर्षं नाटकं पाहतोय मी. हा प्रसंग बोलून करता आला नसता. करायला गेलं असतं तरी जमला नसता, कारण कान मिटता येत नाहीत.

थोड्या वेळानं लाइट गेली. आमच्याकडे ही बातमी नव्हे. बोलता नट अंधारात दोन वाक्यं रेटून नेतो, पेटीवाला सूर धरून ठेवतो. या नाटकात अंधार म्हणजे सगळ्यांचीच वाचा गेली. स्टेजवरचे चौघं जागच्या जागी उभे, खाली लोकांचा गलका. मग कोणीतरी मैदानाच्या कडेला लावलेली मोटरसायकल फिरवून हेडलाइट स्टेजवर टाकला, त्याचं बघून दुसऱ्यानं, असे सात-आठ दिवे झाले आणि उरलेला प्रवेश त्या उजेडात झाला. मागच्या पडद्यावर हातांच्या सावल्या माणसांपेक्षा मोठ्या पडल्या होत्या. शेवटी त्या कंपनीसोबतच्या एका ऐकणाऱ्या मुलीनं सांगितलं, टाळ्या वाजवू नका, त्यांना ऐकू येत नाहीत, दोन्ही हात वर करून हलवा. दोन-तीनशे हात वर. लाजत लाजत, पण वर.

तर, बोलणंच नाही तर नाटक कसलं? पहिली गोष्ट, बोलणं होतं. आपल्याला कळलं नाही इतकंच. खुणांची भाषा म्हणजे भाजीवाल्याला बोटांनी दोन किलो दाखवणं नव्हे. १९६० मध्ये विल्यम स्टोकी या अमेरिकन प्राध्यापकानं पहिल्यांदा मांडणी करून दाखवलं, की बहिऱ्यांच्या खुणा हे हातवारे नाहीत. हाताचा आकार, त्याची जागा आणि हालचाल या घटकांपासून शब्द बनतात, जसे आपले अक्षरांपासून बनतात. त्याचे सहकारीच त्याला हसले होते. आज भारतीय सांकेतिक भाषेलाही आपलं व्याकरण आहे, हे मान्य झालं आहे. प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या शेवटी येतो, नकार शेवटी येतो, काळ आधी सांगितला जातो, आणि भुवया उंचावल्या की साधं वाक्य प्रश्न होतं. म्हणजे चेहरा इथे नुसता भावासाठी नसतो, व्याकरणासाठीही असतो. नटाला याहून कठीण परीक्षा कोणती? ज्या भुवईनं रडायचं तिनंच प्रश्नचिन्हही द्यायचं.

दुसरी गोष्ट आमच्या म्हाताऱ्या सभासदासाठी. नाट्यशास्त्रानं अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. वाचा ही चारांतली एक. केरळात कथकली रात्र रात्र चालतं, आमच्या नाटकासारखंच. त्यात नट तोंडानं अक्षर बोलत नाही. गाणारे मागे उभे राहून गातात, नट हातांच्या मुद्रांनी आणि डोळ्यांनी अर्थ सांगतो. देशोदेशीचे लोक ते पाहायला येतात. कथकलीच्या नटाला कोणी “बिचारा मुका” म्हणतं का? मुद्रा म्हणजे काही बहिऱ्यांची रोजची भाषा नव्हे, दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मान्य. पण पाहणाऱ्याच्या बाजूनं बघा: हातांकडे रात्रभर बघण्याची तयारी आपल्या देशात आहे. फक्त ते हात कोणाचे, यावर ती तयारी अवलंबून असते.

मग आपल्यालाच गळ्याचं एवढं वेड का? एक योगायोग मला फार दिवस छळतो आहे. १८८० च्या सप्टेंबरात इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. दीडशेहून जास्त प्रतिनिधी, त्यांत बहिरा म्हणावा असा एक. त्यांनी ठराव केला, की बहिऱ्या मुलांना खुणांनी न शिकवता बोलायला शिकवावं. मग शाळाशाळांतून खुणा हद्दपार झाल्या. हात हलवले म्हणून हातावर छड्या बसल्या. तो ठराव करण्यात ती परिषद चुकली, हे तिच्याच वारसदारांनी औपचारिकपणे कबूल केलं २०१० मध्ये, व्हँकुव्हरला. १३० वर्षांनी. आणि मिलानची परिषद उठल्यावर दोन महिन्यांच्या आत, ३१ ऑक्टोबर १८८० ला, पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. मराठी रंगभूमीला गळा फुटला ते वर्ष आणि युरोपात बहिऱ्यांचे हात बांधले गेले ते वर्ष एकच. एकाचा दुसऱ्याशी काडीचाही संबंध नाही, हे मलाही कळतं. पण त्या गळ्याच्या प्रेमात आपण असे पडलो, की नाटक म्हणजे पद आणि संवाद हेच डोक्यात बसलं. आमच्या झाडीपट्टीच्या स्टेजवर वरून माइक लटकतो. नट कितीही लांबून आला तरी वाक्य टाकायला त्या माइकखाली येऊन उभा राहतो. खून करायचा असेल तरी माइकखालीच. इतकी वर्षं आम्ही नाटक कानांनी पाहत आलो.

आता विरोधकांच्या खऱ्या मुद्द्यांकडे येतो, कारण बैठकीत आले ते सगळेच पोकळ नव्हते.

एक सभासद म्हणाले, तेवढेच पैसे गावातल्या बहिऱ्या पोराच्या ऐकण्याच्या मशीनला द्या, नाटकानं त्याला ऐकू येणार आहे का? हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. लहान मुलांच्या कॉक्लियर इम्प्लांटला, म्हणजे ऑपरेशन करून कानात बसवायच्या मशीनला, सरकारी योजनेतून मदत मिळते, ऑपरेशन वेळेत झालं आणि पुढची दोन-चार वर्षं वाचेचा सराव मिळाला तर पोर बोलायला लागतं. असं पोर मी पाहिलं आहे. त्याच्या आईबापाला कोणी “ही तर ओळख पुसणं आहे” असं शहरी तत्त्वज्ञान ऐकवायला गेलं तर मी आईबापाच्या बाजूनं उभा राहीन. पण कोरचीच्या किंवा एटापल्लीच्या आतल्या गावातून सरावासाठी दर आठवड्याला नागपूर गाठणं म्हणजे काय, हे मशीनचा सल्ला देणाऱ्यांनी एकदा एसटीनं करून पाहावं. शिवाय मशीनचा बाहेरचा भाग रात्री काढून ठेवावा लागतो, आंघोळीला काढावा लागतो, बिघडतो. आणि ज्याचं वय निघून गेलं त्याचं काय? २०११ च्या जनगणनेत देशात ऐकू न येणारे ५० लाखांहून जास्त मोजले गेले. ते सगळे काही पाळण्यातले नाहीत. मुळात हा वाद कान की हात असा लावलाच कोणी? मंडळाची नाटकाची वर्गणी नाटकावरच खर्च होते. पहिल्या रात्रीच्या कंपनीला पैसे देताना कोणी म्हणालं नाही, की याऐवजी पोराचं मशीन घ्या. बहिऱ्यांचं नाव निघालं तेव्हाच बहिऱ्यांचं मशीन आठवलं.

चौघांसाठी एवढा खर्च, हा दुसरा मुद्दा. त्याचं उत्तर वर येऊन गेलं. त्या रात्री “अगं माय” म्हणणाऱ्या म्हातारीचे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत. अमेरिकेत १९६७ मध्ये बहिऱ्या नटांची राष्ट्रीय नाटक कंपनी निघाली. तिच्या प्रयोगांत खुणा आणि आवाज दोन्ही चालत, आणि ती देशभर हिंडली ती मुख्यतः ऐकणाऱ्या प्रेक्षकांसमोर. केवळ बहिऱ्यांपुरती ती राहिली असती तर एक हंगामही टिकली नसती.

पण या नाटकावरचा सगळ्यात जड आक्षेप बैठकीत कोणी घेतलाच नाही, म्हणून तो मीच घेतो. ही कंपनी शहरातून येते. तिची भाषा म्हणजे शहरातल्या बहिऱ्यांच्या शाळा-संघटनांतून घडलेली भाषा. आमच्या गावातल्या बहिऱ्याला ती येत नाही. त्याची भाषा घरातली, आईनं आणि बहिणीनं मिळून जुळवलेली, चाळीस-पन्नास खुणांची. मग त्याच्यासाठी हे नाटक म्हणजे दुसरी परकी भाषाच नव्हे का? शहरानं येऊन गावाला त्याची “खरी भाषा” शिकवायची, हा प्रकार आम्ही झाडीबोलीच्या बाबतीत पुरेपूर भोगला आहे. शाळेत “मले” म्हटलं म्हणून आमच्या पिढीनं ओरडा खाल्ला आहे. तेच आता हातांच्या बाबतीत?

यावर माझं उत्तर तयार नव्हतं. ते मला एका माणसानं दिलं. गावात त्याला सगळे मुका म्हणतात. वय पन्नाशीच्या आसपास, बैलांचा दर्दी, पटाच्या वेळी कोणती जोडी दान जिंकेल हे बैलाच्या चालीवरून सांगतो, म्हणजे दाखवतो. त्याचं खरं नाव मला मतदार यादी चाळताना कळलं, तेही पन्नास वर्षांत पहिल्यांदा. हा माणूस प्रत्येक नाटकाला येतो, सगळ्यात पुढे बसतो, पहाटेपर्यंत हलत नाही. दुसऱ्या दिवशी ठेल्यावर सगळं नाटक करून दाखवतो: खलनायकाची मिशी, हिरोइनचा पदर, प्रॉम्प्टरचं विंगेतून डोकावणं सुद्धा. आम्ही हसायचो, चहा पाजायचो. त्यातलं त्याला किती कळलं असेल, हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता.

त्या प्रयोगानंतर स्टेजमागे मी त्याला थोरल्या भावाचं काम करणाऱ्या नटासोबत पाहिलं. दोघांच्या खुणा जुळत नव्हत्या. नट काहीतरी विचारायचा, हा मान हलवायचा. मग नटानं शब्द सोडले आणि बैल झाला. शब्दशः: मान, खांदे, डोळे, शेपूट. याचे डोळे चमकले, यानं दुसरा बैल केला, नटाचा बैल कसा चुकीचा वळतो ते दुरुस्त करून दाखवलं. अर्धा तास ते चाललं, आणि त्या अर्ध्या तासात त्यानं नटाच्या तीन-चार खुणा उचलल्या, नटानं त्याच्या दोन. निघताना नटानं त्याला नाव दिलं. बहिऱ्यांत असं नाव देतात, माणसाच्या लकबीवरून. खांद्यावरचा दुपट्टा झटकण्याची त्याची जी ढब आहे, तिचंच त्यांनी नाव केलं. पन्नास वर्षांत गावानं त्याला जे दिलं नव्हतं ते एका रात्रीत मिळालं. आता हे परक्या भाषेचं आक्रमण म्हणायचं?

निकाराग्वा नावाच्या छोट्या देशात १९७० च्या दशकाच्या अखेरीस घरोघर एकट्या पडलेल्या बहिऱ्या मुलांना राजधानीच्या एका शाळेत पहिल्यांदा एकत्र आणलं. शिक्षक त्यांना ओठ वाचायला शिकवत होते आणि ते काही जमत नव्हतं. पण मधल्या सुट्टीत आणि बसमध्ये मुलांनी आपापल्या घरच्या खुणा एकमेकांत मिसळल्या, आणि काही वर्षांत एक नवी भाषा उभी राहिली. भाषाशास्त्रज्ञ पाहायला धावले. भाषेला लागतात ती एकत्र आलेली माणसं. दिल्लीला २०१५ पासून भारतीय सांकेतिक भाषेची सरकारी संस्था आहे, तिच्या कोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द झाले, हे चांगलंच झालं. पण कोश उघडून कोणाचं पोर भाषा शिकलं आहे? बहुतेक बहिरी मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्यांनी अस्खलित खुणा करणारं मोठं माणूस, हसणारं, भांडणारं, खोटं बोलणारं, पाहायचं तरी कुठे? आमच्या पंचक्रोशीतल्या बहिऱ्या पोरांसाठी अशी जागा पटाच्या रात्री फक्त एक: स्टेज. पंचवीस गावांचे लोक पटाला येतात. प्रत्येक गावातले दोन-तीन धरले तर त्या रात्री तनशीवर साठ-सत्तर बहिरे एकत्र बसतील. एवढे ते आयुष्यात कधी एका जागी बसले नसतील. आता “गावात चारच” हा हिशेब पुन्हा मांडून पाहा.

उरला दयेचा पक्ष. खरा धोका मला त्यांच्याकडूनच वाटतो, कारण ते चांगले लोक आहेत. नाटकाचा दुसरा अंक रटाळ होता. भावांची भांडणं मध्येच सोडून सरपंचाचं पात्र आलं आणि अर्धा तास योजनांची माहिती देत बसलं. मी त्या ऐकणाऱ्या मुलीला मध्ये घालून दिग्दर्शकाला तसं स्पष्ट सांगितलं. तो आधी चमकला, मग मोठ्यानं हसला, आणि त्याचे हात भराभर चालले. मुलीनं सांगितलं, तो म्हणतो, तो अंक आमचा नाहीच. प्रयोगाचे पैसे ज्यांनी दिले त्यांनी तो घालायला लावला. आणि तुम्ही पहिलेच, ज्यांनी नाटकाला नावं ठेवली. बाकी सगळे पाठ थोपटून जातात.

फुकटाचं खरं मोल हे असं असतं. पैसा ज्याचा, नाटक त्याचं. झाडीपट्टीची रंगभूमी शंभराहून जास्त वर्षं टिकली ती कोणा संस्थेच्या अनुदानावर नव्हे. धान विकून आलेल्या पैशातून शेतकऱ्यानं तिकीट काढलं म्हणून ती टिकली. पुण्या-मुंबईनं तिला गावठी म्हणून नाक मुरडलं तेव्हाही इथल्या नटाला कोणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही, कारण रात्री धानाच्या बांधीत हजार माणूस बसलेला असायचा. आमच्या झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, त्याचा आनंद झालाच. पण त्या पद्मश्रीच्या खाली हजारो रात्रींचं तिकीट आहे, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. जे आपल्या नाटकाला लागू, ते त्यांच्या नाटकाला का नाही? वरोऱ्याजवळ आनंदवन उभं करताना बाबा आमट्यांनी दान नको, काम हवं हाच हट्ट धरला. आम्ही विदर्भातले लोक आनंदवनाचं नाव छाती फुगवून घेतो आणि पटाच्या स्टेजवर मात्र शाल-नारळ काढतो.

तिकीट काढलेल्या माणसाला आणखी एक हक्क मिळतो: उठून जाण्याचा. सत्कार पाहायला आलेला माणूस उठत नाही, तो फोन बघत बसतो. कंपनी पडली तर पडू द्या. पुढच्या वर्षी दुसरी बोलवू. बोलत्या कंपन्या काय कमी पडतात? त्यांच्यावर चिडून आम्ही नाटकाचा नाद सोडला नाही.

झाडीपट्टीतले कलाकारच पावसाळ्यात मजुरीला जातात, आधी घरचं बघा, असंही एकानं म्हटलं. बरोबर आहे. पण एका रात्रीनं त्यांची तारीख कमी होत नाही. ती कंपनी आली तर आमच्याच एखाद्या नटाला माइकखालून बाहेर कसं यायचं हे तरी दिसेल. हा मुद्दा मी एवढ्यावरच सोडतो.

मंडळानं हो म्हटलंच तर थोडी कामं करावी लागतील, आणि ती खर्चाची नाहीत. भोंगे निम्मे केले तरी चालतील, पण दिवे दुप्पट हवेत आणि ते समोरून हवेत, नाहीतर हातांवर सावली पडते. जनरेटर आधीपासून चालू ठेवावा, मोटरसायकलींवर भिस्त नको. मागचा पडदा एकरंगी असावा. आमच्या राजवाड्याच्या, कारंज्याच्या पडद्यासमोर बोटं हरवून जातात. पुढच्या चार रांगा बहिऱ्यांसाठी राखाव्यात, जमिनीवरच्या, कारण खुर्च्या मागे असतात. त्या मुलीनं कडेला उभं राहून मराठीत सांगायचं असेल तर मोजकं सांगावं. मागच्या वेळी तिनं मोहाच्या झाडाच्या प्रवेशात मध्येच समजावून सांगितलं तेव्हा मला तिचा राग आला होता. आणि नाटकाआधी भाषणं करू नयेत. हे शेवटचं मंडळाला सगळ्यात जड जाईल.

निर्णय पुढच्या बैठकीत आहे. दरम्यान परवा तो दुपट्टेवाला माझ्या ओट्यावर आला. त्या नटाची खूण केली, स्टेजची केली, आणि भुवया उंचावल्या. प्रश्न स्पष्ट होता: कधी? मी त्या मुलीकडून पाच-सहा खुणा शिकलो आहे, त्यातली एक वापरून म्हणालो, ठरायचं आहे, नंतर. तो खूश होऊन गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शाळेवरून जात होतो तर मैदानावर तो एकटाच बसलेला, पोतं अंथरून, समोर रिकाम्या ओट्याकडे तोंड करून. मी “नंतर”ऐवजी “उद्या” म्हणालो होतो.